कानबाईसाठी काचेची खोली

सुरतेत काचेची खोली करून मागणारं गिऱ्हाईक आधी बोलत नाही, मोबाईल पुढे करतं. मोबाईलमध्ये परदेशातला फोटो असतो. लाकडी फरशी, वेताची खुर्ची, खुर्चीत झोपलेलं मांजर, तिन्ही बाजूंना काच आणि काचेबाहेर पांढराशुभ्र बर्फ. "काका, आवी ज जोईए," म्हणतात. अशीच पाहिजे. मी चष्मा पुसून फोटो नीट बघतो आणि विचारतो, "बर्फ तुम्ही आणणार की मी आणू?"

निम्मे हसतात. उरलेले रागावून दुसऱ्या कारागिराकडे जातात आणि एक उन्हाळा काढून माझ्याकडेच परत येतात.

मी सेक्शनवाला. म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून, जोडून, त्यात काचा बसवून खिडक्या, गॅलऱ्या आणि खोल्या करणारा माणूस. खानदेशातून सुरतेला आलो तो कापडाचा लूम चालवायला, आमच्याकडचे सगळे येतात तसाच. लूमच्या खडखडाटाने एक कान गेला, तेव्हा दुसरा वाचवावा म्हणून या धंद्यात शिरलो. आता गुडघ्यांनी संप केलाय, त्यामुळे स्टुलावर चढायचं काम दुसरे करतात आणि खाली उभं राहून बोलायचं काम मी करतो. घरच्यांचं म्हणणं, ते मी आधीपासूनच जास्त करत होतो.

बाहेरच्यांना वाटतं काचेची खोली म्हणजे काच लावायची, झालं. काच लावणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. अवघड आहे ती हवा. आमच्या खानदेशात उन्हाळा भाजून काढतो, पण कोरडा असतो. घाम येतो आणि वाळतो, माठातलं पाणी गार होतं. सुरतेत एका अंगाला समुद्र, मधून तापी, आणि जागोजागी खाड्या. इथे टॉवेल सकाळी वाळत घातला तर संध्याकाळी विचार करतो वाळावं की नाही. अशा हवेत काचेची पेटी करून माणूस आत बसवला तर तो उकडून निघतो. ऊन काचेतून आत येतं, पण उष्णता आल्या वाटेने परत जात नाही. आणि आतल्या माणसांचा घाम, श्वास, चहाची वाफ, कुंडीतला ओलावा, हे सगळं आत घुटमळत राहतं. म्हणून इथली काचेची खोली जेवढी बंद करायची त्याहून जास्त उघडी ठेवावी लागते. खालून हवा आत घ्यायची, वर छताजवळ झडपा ठेवून बाहेर काढायची. परदेशातली माणसं म्हणे थंडीत असली खोली बंद ठेवतात आणि बाकीचे तीन ऋतू वापरतात. आपण पावसाळा आणि हिवाळा वापरायची, आणि चैत्र-वैशाखात तिला कुलूप लावून खाली पंख्याखाली येऊन बसायचं. हे मी पहिल्या दिवशीच सांगतो. ऐकतं कोण.

वेसूला एक साड्यांचे व्यापारी होते. त्यांना काचेच्या गॅलरीत हिंचको हवा होता. सुरती माणसाला झोपाळ्याशिवाय घर पूर्ण वाटत नाही. मी काच मागे सरकवून झोपाळ्याला जागा केली, जाळी लावली, सगळं मनासारखं झालं. पावसाळ्यात शेठचा फोन आला की गॅलरीत तळं झालंय, गादी भिजली. जाऊन बघतो तर खालच्या ट्रॅकची सगळी भोकं पुट्टीने बुजवलेली. सरकत्या काचेच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, पावसाचं आत साचलेलं पाणी त्यातून निघून जातं. शेठ म्हणाले, "त्यांथी कीडी आवती हती." मुंग्या येत होत्या म्हणून यांनी पाण्याचा रस्ता बंद केला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी पुट्टी खरवडून काढली आणि मुंग्यांसाठी खडूची रेघ मारून दिली.

अडाजणला एक म्हाताऱ्या बा होत्या. मुलाने हौसेने त्यांच्या ओटल्यालाच, म्हणजे दारापुढच्या ओट्यालाच, काच लावून घेतली, धूळ नको, डास नकोत म्हणून. काम संपल्यावर बा आत बसून बघत राहिल्या. समोरून भाजीवाली गेली, तिचं तोंड हलत होतं, आवाज आत येत नव्हता. शेजारणीने हात केला. बांनी इथून काहीतरी विचारलं, तिला ऐकू गेलं नाही. बा मला म्हणाल्या, "भाई, आ तो टीवी थई गयुं, अवाज वगरनुं." हे तर आवाज नसलेला टीव्ही झाला. मी त्यांच्या खुर्चीजवळची एक काच उघडती करून दिली. मुलगा नाराज झाला, पण बा त्या एका खिडकीतून पुढे कित्येक वर्षं भाजी घेत होत्या. ते काम आठवलं की अजून बरं वाटतं.

बरं वाटावं अशी कामं पुष्कळ केली. पण या अंकासाठी लिहायला बसलो तर हात सारखा एकाच खोलीकडे वळतोय, आणि ती खोली आमच्याच घरातली आहे.

दिंडोलीला माझे चुलतभाऊ शंकरअण्णा राहतात. लूममध्ये मास्तर होते, आता निवृत्त. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे जिजी म्हणतो. आमची कानबाई अण्णांच्या घरी बसते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कानबाई ही आमची श्रावणातली देवी. रविवारी नारळाच्या रूपात तिची स्थापना करायची, तिला नथ घालून साडी नेसवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजत गाजत तिला निरोप द्यायचा. तिच्यापुढचा दिवा तोवर विझू द्यायचा नाही. आणि ती एकट्या घराची नसते, भाऊबंदांची असते. नवागाम, भेस्तान, कोसाड, जो जिथे असेल तिथून थोरल्याच्या घरी येतो. वर्षभर कोण कोणाशी बोललं नाही ते त्या दिवशी विचारायचं नाही. गावातलं घर पडून गेलं, शेती वाटून गेली, आम्हाला एका जागी धरून ठेवणारी तेवढी कानबाई उरली होती.

अण्णांचा हॉल लहान. माणसं वाढत गेली, सुना आल्या, नातवंडं आली. एका श्रावणात अण्णांचा धाकटा भाऊ प्रल्हाद कोसाडहून जरा उशिरा पोचला. बरोबर नवी सून होती, तिची पहिलीच कानबाई. आत पाय ठेवायला जागा नव्हती. ती सगळी जिन्यात बसली. जिन्याच्या वरच्या तोंडातून पाऊस आला आणि सुनेची नवी साडी पार भिजली.  दिवाळीला प्रल्हाद फराळाला आला आणि चकली हातात घेऊन म्हणाला, "अण्णा, पुढला साल आम्ही कानबाई कोसाडलेच बसाडसूत. मना बिऱ्हाडनी तुम्हनाकडे पायरीवर जागा शे." पुढच्या वर्षी आमची कानबाई कोसाडलाच, माझ्या घरच्यांना तुमच्याकडे पायरीवरच जागा आहे.

कानबाई वेगळी करणं म्हणजे काय ते आमच्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. जमीन वाटली तर बांधावर तरी भेट होते. कानबाई वाटली की मग लग्नात आणि मयतीलाच तोंडं दिसायची. अण्णा मान खाली घालून चिवडा निवडत बसले. बोलली ती जिजी. म्हणाली, "एक साल थांब रे बाबा. जागा मी करस."

आणि दुसऱ्या दिवशी जिजी माझ्या दुकानात येऊन बसली.

"नाना, माले गच्चीवर काचनी खोली जोयजे. बठ्ठा भाऊबंद एकजागे बसतीन आशी." सगळे भाऊबंद एका जागी बसतील अशी.

मी म्हटलं, जिजी, पत्र्याची शेड करू, बाजूंनी ताडपत्री सोडू, पाऊसपाण्याची सोय होईल. तिने मान हलवली. ताडपत्री म्हणजे जिन्याचीच मोठी बहीण, असं तिचं म्हणणं. लोकांना घरात बसल्यासारखं वाटलं पाहिजे. तिने कुठल्यातरी सुनेच्या मोबाईलमध्ये तो फोटो बघितला होता, मांजराचा आणि बर्फाचा.

आम्ही गच्चीवर गेलो. मी तिला समजावून सांगितलं की वर दोन्ही बाजूंना झडपा ठेवाव्या लागतील, आणि त्या उघड्या राहिल्या पाहिजेत. श्रावणात, एवढी माणसं, धूप, आरती. जिजीचा चेहरा पडला.

"वारा ई. दिवा मालाई जाई." वारा येईल, दिवा विझेल.

गच्चीवर वारा होता खरा, खाडीकडून थेट येणारा. मी म्हटलं, दिव्यावर कंदिलाची काच ठेवू. मी जणू शिवी दिल्यासारखं ती माझ्याकडे बघायला लागली. "मायना दिवाले कोंडाले नको." देवीच्या दिव्याला कोंडायचं नाही. सगळे भाऊबंद काचेत कोंडायला मात्र तिची हरकत नव्हती. मी तिला भाताच्या पातेल्याचं उदाहरण दिलं. झाकण ठेवलं की आतून पाणी धरतं, उचललं की टपटप गळतं. वरचं छत म्हणजे ते झाकण. बाहेरून पाऊस त्याला गार करणार, आतून आपण सगळे वाफ सोडणार. जिजीने आयुष्यभर भात शिजवलेला, तिला ते पटलं. म्हणाली, झडपा ठेव, उघड्याच ठेवीन.

मी जीव ओतून काम केलं. स्वतःच्या माणसांचं काम होतं. तिन्ही बाजूंना सरकत्या काचा, वर छताला उतरतं प्लास्टिकचं पॉलीशीट, छताजवळ दोन्हीकडे झडपा, आणि देवीची जागा अशा कोपऱ्यात काढली की झडपेचा झोत थेट येऊ नये. श्रावण लागायच्या आत खोली उभी राहिली. माझ्या हातून इतकी चांगली खोली आधी झाली नव्हती आणि नंतरही नाही.

त्या रविवारी सगळे आले. नवागामचे आले, भेस्तानचे आले, आणि वेळेच्या आधी कोसाडचा टेम्पो आला. प्रल्हादने बूट काढले, आत आला, चारी बाजूंनी बघितलं. काचेबाहेर पाऊस पडत होता, आत सतरंज्यांवर माणसं मांडी घालून बसली होती आणि तरी मधे जागा शिल्लक होती. जिजीने त्याच्या सुनेला अगदी देवीजवळ नेऊन बसवलं. प्रल्हाद बराच वेळ उभाच होता. मग अण्णांना म्हणाला, "अण्णा, आते जागा भरपूर शे."

अण्णा म्हणाले, "मंग बस ना."

तो बसला. मी दाराशी होतो. आयुष्यात कोणी माझ्या कामाची एवढी स्तुती केली नव्हती, आणि ती माझ्यासाठी केलेली नव्हती म्हणून जास्त आवडली.

गाणी सुरू झाली. जुन्या बायका अहिराणीत म्हणत होत्या, पोरी मोबाईलवर शूटिंग करत गुजरातीत कुजबुजत होत्या. मधेच वाऱ्याचा जोर वाढला. माझ्या कोपऱ्याचा हिशोब सरळ वाऱ्याचा होता, हा वारा काचेवर आपटून फिरून येत होता. ज्योत आडवी झाली.  एका सुनेने उठून जवळची झडप लावली. ज्योत सावरली, पण थरथरत होती. मग दुसरीने दुसरी लावली. मी म्हटलं, "पोरींनो, एक तरी उघडी राहू द्या." त्या म्हणाल्या, "आरती व्हऊ द्या नाना, मंग उघाडसूत." शेवटची झडप उंच होती. ती लावायला प्रल्हाद स्वतः उठला, स्टुलावर चढला. चौकटीला धरून एकदा ज्योतीकडे बघितलं आणि झडप ओढून घेतली. ज्योत सरळ उभी राहिली. खाली उतरताना त्याचा चेहरा मी बघितला. आपल्या घरचा दिवा सांभाळणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. कोसाडचा विचार त्या क्षणी त्याच्या मनात नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

आरती लांबली. धूप, कापूर, टाळ्या, एवढ्या माणसांचं मोकळ्या गळ्याने गाणं. काचा आतून पांढऱ्या झाल्या, बाहेरचं दिंडोली दिसेनासं झालं. माझ्या पाठीला सदरा चिकटला. मी वर बघितलं तर पॉलीशीटला आतून थेंब धरले होते. ते उताराने सरकत, एकमेकांना मिळत, मोठे होत कोपऱ्याकडे निघाले होते. कोपऱ्यात देवी होती.

मी पुढे सरकलो, पण माणसांतून वाट काढेपर्यंत एक थेंब सुटला होता. चर्र असा आवाज झाला आणि दिवा विझला.

वारा नव्हता. सगळं बंद होतं. म्हणूनच सगळे घाबरले. वाऱ्याने विझला असता तर वाऱ्याला दोष दिला असता. जिजीने लगेच दिवा लावला, पण गाणं परत उचललं गेलं नाही. मागून एक म्हातारी आत्या हलकेच म्हणाली, "मायले पसंत नही वाटस." देवीला हे पसंत नसावं.

तेव्हा गुडघे चालत होते, मी स्टुलावर चढलो. गळ्यातल्या टॉवेलने छत पुसलं आणि ओला टॉवेल सगळ्यांपुढे धरला. म्हटलं, हे पाणी वरून आलेलं नाही, हे आपलंच आहे. आपण सगळे एका जागी बसून गायलो, त्याची ही वाफ आहे. झडपा उघडा, परत होणार नाही. मी बोलत होतो आणि लोक माझ्याकडे दुकानदार आपल्या मालाची बाजू मांडतो तसं बघत होते. अण्णा शांतपणे म्हणाले, "नाना, खाले बठ."

प्रल्हाद रागावला असता तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. तो भांडलाच नाही. सोमवारी देवीला निरोप दिल्यावर अण्णांच्या पाया पडला आणि डोळे पुसत म्हणाला, "मना मनमा आते काहीच नव्हतं, अण्णा. पन मायनीच सांगी दिन्हं." माझ्या मनात आता काही नव्हतं, पण देवीनेच सांगून टाकलं. अण्णांनीही त्याला अडवलं नाही, कारण त्यांनाही तसंच वाटत होतं.

मला देवीबद्दल काही म्हणायचं नाही. माझाही तिच्यावर विश्वास आहे. पण पाण्याला मी ओळखतो. ते कुठून येतं आणि कुठे गळतं हे ओळखण्यावरच माझं पोट चाललं. अण्णांच्या घरी ते कळून काही उपयोग झाला नाही, याचं दुःख जात नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकाला रागावून चार शब्द सुनावता येतात. आपल्या माणसांना, तीही रडत असताना, काय सुनावणार.

पुढच्या श्रावणापासून कोसाडची कानबाई कोसाडला बसायला लागली. मग भेस्तानवाल्यांना कोसाड जवळ वाटायला लागलं. अंतर मोजलं तर ते जवळ नाही.

गेल्या श्रावणात मी दिंडोलीला गेलो. खोली तशीच आहे, काचा जिजी स्वतः पुसते. झडपा सगळ्या उघड्या होत्या, बसलेली माणसं एका सतरंजीवर मावली. वारा हवा तसा फिरत होता. दिवा रात्रभर वाकला, सरळ झाला, पण विझला नाही.

आमच्याकडे कानबाईला रोट करतात, पुरण भरलेल्या जाड पोळ्या. त्याचं पीठ घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन मुठीने काढायचं असतं, आणि रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही. जिजी पीठ काढत होती. अण्णांचं नाव घेतलं, पोरांची घेतली, माझं घेतलं, आणि सवयीने प्रल्हादचं घेतलं. मूठ परातीत पडली. नाव घेऊन काढलेलं पीठ परत डब्यात जात नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग सावकाश प्रल्हादच्या मुलांचीही नावं घेतली.

मंगळवारी तिने ते रोट डब्यात भरून माझ्याकडे दिले. मी स्कूटरवर कोसाडला गेलो. प्रल्हाद दारातच होता. डबा उघडला, वास घेतला, हात पुढे केला आणि मागे घेतला. त्याच्या घरात त्याची कानबाई बसून गेली होती, तिचा रोट खाऊन झाला होता. एका कानबाईचा रोट खाल्लेल्याला दुसरीचा चालत नाही, आमच्यातला नियम आहे.

"नाना," तो म्हणाला, "आते माले चालत नही रे."

आत जाऊन त्याने मला पाणी दिलं, जिजीचे गुडघे कसे आहेत विचारलं. आम्ही थोडा वेळ बसलो. येताना अमरोलीच्या पुलाखाली उतरून मी ते रोट तापीत सोडले. बाहेर कुणाला देता येत नव्हते, आणि जिजीकडे परत नेववत नव्हते.

दिंडोलीला डबा परत द्यायला गेलो. जिजी गच्चीवर, काचेच्या खोलीत बसली होती. तिने डबा हातात घेऊन उघडून बघितला. रिकामा होता.

"गोड लागना का रे त्याले?" गोड लागला का त्याला.

"लागना," मी म्हटलं.